"तुम्ही जावा, मी घर बघतो"

अंबाजोगाईहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यातला मुख्य भाग असा:

"ताई, आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, फाल्गुनात गेल्या. तेव्हापासून मामा, म्हणजे सासरे, घराबाहेर पडत नाहीत. ते वीज मंडळात लाइनमन होते. केज-धारूरकडच्या वाड्या-वस्त्यांवर पहिला दिवा लागला तेव्हा खांबावर आपणच होतो, असं ते अभिमानानं सांगायचे. मराठवाडा मुक्तीच्या साली जन्मले, म्हणून त्यांचं वय सगळ्यांना पाठ आहे. आधी गल्लीत गणपती बसला की मामा दहा दिवस मंडपातच असत. यंदा कोपऱ्यावरच्या आरतीलासुद्धा आले नाहीत. रोज संध्याकाळी मी म्हणते, मामा, चला. ते म्हणतात, तुम्ही जावा, मी घर बघतो. दुपारी लोखंडी पेटी उघडतात, पक्कड काढतात, फडक्यानं पुसतात, खोबरेल लावतात आणि परत ठेवतात. ते बघून मला रडू येतं. आता नवरात्र येईल, दसरा, कोजागिरी. यांना कसं बाहेर काढू? मुलांचे बाबा म्हणतात, राहू दे त्यांना त्यांच्या पद्धतीनं. शेजारच्या काकू म्हणतात, वर्ष व्हायच्या आत सासऱ्याला उत्सवात काय नेतेस? माझ्या मनात दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी गाडी करून वेरूळ-अजिंठ्याला जायचं आहे. निदान तेवढ्यानं तरी त्यांचं मन लागेल का?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या पक्कडीपाशीच थांबले. तुम्हाला तिथं रडू येतं. मला मात्र तिथंच धीर आला. ज्याला आता कशातच काही उरलं नाही असं वाटतं, तो माणूस हत्याराला गंज चढू नये म्हणून रोज बसत नाही. आणि "मी घर बघतो" हे त्यांचं उत्तरही तुम्ही नकार म्हणून ऐकताय. मला ते वेगळं ऐकू येतं. तुम्ही चला म्हणता तेव्हा तिथं त्यांच्यासाठी एक खुर्ची असते, दुसरं काही नसतं. घरी थांबलं तर निदान घर सांभाळायचं काम तरी हातात राहतं. ते कामाच्या बाजूला राहतात, एवढंच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी आई गेली त्याच वर्षी कोजागिरीला मी माझ्या वडिलांना कॉलनीच्या कार्यक्रमाला नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः हाताला धरून नेलं. पांढरा सदरा घातला, मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि मी बायकांच्यात मिसळले. तासाभरानं बघितलं तर दुधाचा ग्लास तसाच हातात. वर जाड साय धरलेली. त्यांनी घोटही घेतला नव्हता. ग्लास ठेवायचा कुठं हे कळेना, म्हणून धरून बसले होते. घरी येताना एवढंच बोलले, "मला पाव्हणा करू नको बाई." जन्मभर मोंढ्यात आडतीवर मुनीमकी केलेला माणूस, ज्याच्याशिवाय कॉलनीचा एकही हिशेब पुरा होत नसे, त्याला मी पाव्हण्यासारखं बसवलं होतं. तो ग्लास अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पुढं आठवड्याभरानं मंडळाचा एक पोरगा पावतीपुस्तकं घेऊन आला. तीनशे चाळीस रुपयांचा फरक लागत होता. वडील चष्मा लावून बसले ते रात्री अकरापर्यंत. एक पावती दोनदा मांडली गेली होती. ती सापडली तेव्हा त्यांनी मोठ्यानं हाक मारून मला चहा टाकायला सांगितलं. सात महिन्यांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

म्हणून माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे की येत्या महिनाभरात मामांना कुठं "नेऊ" नका. त्यांच्याकडं काम जाऊ द्या. खरं काम, जे त्यांच्याशिवाय अडेल. "मामांचं मन रमावं म्हणून" काढलेलं काम त्यांना लगेच ओळखू येईल.

पण आत्ता लगेच नाही. आधी पितृपंधरवडा आहे, तो जाऊ द्या. आत्याबाई सवाष्ण गेल्या, म्हणजे त्यांचा दिवस अविधवा नवमी. पहिल्या वर्षी पान वाढायचं की वर्षश्राद्धानंतरच, याची रीत घरोघर वेगळी असते. ती विचारायची कुणाला, तर मामांनाच. "मामा, आपल्यात काय करतात?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. आत्याबाईंना काय आवडायचं, कोणत्या सवाष्णीला जेवायला बोलवावं, भाजीत कारलं हवं की नको, हे त्यांना ठरवू द्या. ते बोलता बोलता थांबतील, डोळे पुसतील. पुसू द्या. तुळजापूरची भवानीसुद्धा याच दिवसांत, भाद्रपद वद्य अष्टमीपासून, पलंगावर निद्रा घेते आणि घटस्थापनेला तिला उठवून सिंहासनावर बसवतात. आपल्या मराठवाड्यात देवीलाही हे दिवस निजून काढायची मुभा आहे. मग मामांना का नसावी?

इथंच तुमच्या यजमानांबद्दल बोलते. "राहू दे त्यांना" हे बापाची काळजी करणाऱ्याचं बोलणं आहे, पण त्यात दुसरंही काही आहे, असं मला वाटतं. त्यांचीही आई गेली. तुमच्या पत्रात मामांच्या दुःखावर दोन पानं आहेत आणि मुलाच्या दुःखावर एक ओळही नाही. हा तुमचा दोष नाही. घरात रडायची पाळी बहुतेक एकाचीच येते आणि बाकीचे कामाला लागतात. नवमीच्या दिवशी त्यांना रजा काढायला सांगा. बाप-लेकांनी मिळून भाजी आणू द्या, पानं मांडू द्या. तुम्ही एकटीनं सगळं उरकू नका.

17 सप्टेंबरही याच सुमारास येतो. 1948 साली याच दिवशी निजाम शरण आला आणि आपला मुलूख मोकळा झाला. मामा त्याच साली जन्मले. त्यांना झेंडावंदनाला चला म्हणू नका. तुमच्या आठवीतल्या मुलाला त्यांच्यापुढं वही घेऊन बसवा. तुमचं गाव तेव्हा मोमिनाबाद होतं, स्वामी रामानंद तीर्थ लढ्यात पूर्ण उतरण्याआधी तुमच्याच गावच्या योगेश्वरी शाळेत शिकवायचे, एवढं पोराला शाळेत सांगितलेलं असेल. पण रझाकारांच्या धाकानं मामांच्या आईनं रात्री कुठं काढल्या, घरातलं किडुकमिडुक कुठं पुरलं, हे शाळेत कोण सांगणार? मामा तेव्हा पाळण्यात होते, तरी आईच्या तोंडून त्यांनी ते शंभरदा ऐकलेलं असणार. पोरगा शाळेत त्या गोष्टीवर बोलला तर ऐकायला मामा आपणहून जातील. नाही गेले तरी गोष्ट तर सांगून झालेली असेल.

आता नवरात्राचा मंडप. ही माझी खरी आशा आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते.

तुमच्या कोपऱ्यावरच्या मंडळाची पोरं बहुतेक घटस्थापनेच्या आधी तुळजापूरला ज्योत आणायला जातील. शंभराहून जास्त किलोमीटर पळत, आळीपाळीनं ज्योत हातात घेत येतील. त्या धावपळीत मंडपाच्या वायरिंगकडं बघायला कुणाला सवड नसते. लोखंडी पाइपाला वायर गुंडाळलेली, जोडाला टेपऐवजी प्लास्टिकची पिशवी बांधलेली, अर्थिंग नाही, आणि परतीचा पाऊस तर कधीही येतो. ओल्या पाइपाला एखाद्या लेकरानं हात लावला की काय होतं, हे मामांइतकं त्या गल्लीत कुणाला माहीत असेल?

मंडळातल्या जाणत्या पोराला एकट्याला गाठा आणि सगळं खरं सांगा. मग त्यानं स्वतः घरी यावं. तुम्ही मध्ये पडू नका, त्या वेळी स्वयंपाकघरात राहा. त्यानं "आजोबा, दर्शनाला या" असं म्हणायचं नाही. "आजोबा, मेन लाइनवर भार किती टाकू? मागच्या साली दोनदा फ्यूज उडाला होता," असं विचारायचं. असा प्रश्न ऐकून जुना लाइनमन गप्प बसूच शकत नाही. आधी शिव्या देतील. आकडा टाकलाय का, असं खडसावतील. तात्पुरती जोडणी रीतसर घ्या, महावितरणकडं अर्ज करा, गळती झाली की लगेच वीज तोडणारा ईएलसीबी बसवा, असं एका दमात सांगतील. त्या पोरानं मान डोलवत सगळं कागदावर लिहून घ्यावं आणि जाताना म्हणावं, "तुम्ही एकदा बघितल्याबिगर लाइन चालू करणार नाही."

आणि खरंच चालू करू नये. हे नाटक असेल तर करूच नका. मामांनी टेस्टर लावून होय म्हटल्याशिवाय दिवा लागायचा नाही, असं मंडळानं ठरवलं तर त्यात मंडळाचंच भलं आहे. अट एकच, आणि ती तुमच्या यजमानांनी त्यांच्या तोंडावर सांगायची: शिडीवर चढायचं नाही. खाली उभं राहून दाखवायचं, चढायला पोरं आहेत. गल्लीत एखादा आयटीआयचा वायरमन शिकणारा मुलगा असेल तर त्याला मामांचा हात म्हणून द्या. नऊ दिवस तो शेजारी राहील आणि नऊ दिवसांत जे शिकेल ते त्याला वर्षभर पुरेल.

ते पहिल्या दिवशी दहा मिनिटं थांबून घरी येतील. येऊ द्या. आरतीला थांबला होतात का, असं विचारू नका. वायर ठीक होती का, एवढं विचारा.

घरातल्या घटाचंही असंच. घट बसवायचा की नाही, ते पुन्हा मामांना विचारा. बसवायचा ठरला तर माती विकत आणू नका. तुमचं थोडं वावर गावाकडं बटईनं दिलंय, असं तुम्ही लिहिलंय. ती काळी माती आणायला आधी आत्याबाई जायच्या का? आता मामांना जाऊ द्या, सोबत नातीला द्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटीचं तिकीट नाही, हा त्यांचा मान आहे. तो त्यांनी कंडक्टरला ओळखपत्र दाखवून नातीपुढं मिरवावा. या दिवसांत सोयाबीनची पानं पिवळी पडलेली असतात, बांधावर तरवड फुललेला असतो. घटाच्या माळेला ती पिवळी फुलं लागतातच. तीही तिकडूनच आणायची. ही एवढीच सहल. डबा बांधून द्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. बटईदाराशी पिकाबद्दल बोलताना मामांचा आवाज बदलतो का, ते नातीला संध्याकाळी विचारा.

योगेश्वरीच्या दर्शनाला माळेच्या गर्दीत नेऊ नका, गुडघे दुखणाऱ्या माणसाचं रांगेत हालच होतात. मधल्या वारी पहाटे जाऊन या. त्यांच्या मनात नसेल तर तेही राहू द्या. कुणी सांगावं, देवीपुढं उभं राहिलं की आत्याबाईंची ओटी भरायची सवय आठवत असेल. त्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी मुलांना हत्तीखान्याकडं त्यांच्यासोबत पाठवा. गावातली लेणी गावातल्या मुलांनी नीट बघितलेलीच नसतात. देवीच्या लग्नाची घटका टळली आणि अख्खं वऱ्हाड दगडाचं झालं, ही कथा त्या दगडी हत्तींपुढं उभं राहून आजोबांच्या तोंडून ऐकायची असते. मुकुंदराजांच्या समाधीकडं पाऊस उघडला की डोंगर हिरवागार असतो, पण उतार आहे. तिथं त्यांचे गुडघे काय म्हणतात ते आधी बघा.

आता वेरूळ-अजिंठा. जागा मोठीच आहे, पण यंदा नको. गाडीत सात-आठ तास, हॉटेलात मुक्काम, आणि पुन्हा मागच्या रांगेतला तो पाव्हणा. त्याऐवजी एक रविवार धारूरकडं जा. पुढच्या सीटवर मामांना बसवा आणि रस्ता त्यांना सांगू द्या. कोणत्या फाट्यावर वळायचं, कोणत्या वस्तीवर पहिला खांब रोवला, कुठं पावसात तार तुटली आणि रात्रभर चिखलात उभं राहावं लागलं. ज्या वाडीत त्यांनी पहिला दिवा लावला तिथं उतरा. तिथलं एखादं म्हातारं माणूस त्यांना ओळखेल, आणि मग तुम्हाला कुणी लवकर निघू देणार नाही. किल्ला बघायचा तर बघा, नाही तर राहू द्या. परतताना घाटात सीताफळांच्या पाट्या दिसतील. डोळे फुगलेली, कडक फळं घ्या, घरी दोन दिवसांत पिकतात.

दसऱ्याची मात्र मला थोडी काळजी वाटते. इतकी वर्षं संध्याकाळी दोघं मिळून घरोघर सोनं द्यायला जात असतील. त्या दिवशी "चला" म्हणूच नका. त्यांना घरीच दारातल्या खुर्चीवर बसू द्या आणि लोकांना येऊ द्या. मंडळाची पोरं, खांबावर त्यांच्या हाताखाली शिकलेले जुने सहकारी, शेजारीपाजारी. आपट्याची पानं हातात देऊन पाया पडणाऱ्यांची रांग लागू द्या. उशीर झाला आणि ते थकले तर दार लोटून घ्या. कुणी नावं ठेवणार नाही.

शेजारच्या काकूंना काय सांगायचं? वाद घालू नका. मामा नाचायला निघालेले नाहीत. गल्लीतल्या लेकरांना शॉक लागू नये म्हणून ते वायर बघतायत, आणि त्याला कुठलंही सुतक आडवं येत नाही. हे काकूंना त्यांच्याच अंगणात, मायेनं सांगा. त्यांचीही नातवंडं त्याच मंडपात खेळतात.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची राहिली. ही सगळी वाट दुःखासाठी आहे. आजाराला ती पुरत नाही. मामांचं जेवण तुटलं असेल, रात्र रात्र झोप नसेल, वजन उतरत असेल, किंवा "आता कशाला जगायचं" असं तोंडून एकदा जरी निघालं, तर नवरात्राची वाट बघत बसू नका. तुमच्याच गावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथं मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. रात्री-अपरात्री बोलायला 14416 हा टेलि-मानसचा नंबर आहे. तो फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरच्या माणसानं फोन केला तरी चालतो. म्हणजे तुम्हीही करू शकता. तुमच्या अक्षरावरून वाटतं की बरेच दिवस तुम्हीही नीट झोपलेल्या नाहीत.

कोजागिरीबद्दल मी काहीच सांगणार नाही. तोवर महिना जाईल आणि मामा काय म्हणतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. फक्त ते गेलेच, तर त्यांना बसवून हातात ग्लास देऊ नका. पातेल्याजवळ उभं करा, हातात पळी द्या.

आणि हो, पक्कडीला ते खोबरेल लावतात. थंडी पडली की खोबरेल थिजतं आणि सांधा चिकटतो. बाजारातून शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली आणा आणि त्या लोखंडी पेटीशेजारी ठेवून द्या. कुणी ठेवली ते सांगू नका.

तुमची,
ताई